अवतरणचिन्हाचं गावकूस

मागं एका नियतकालिकाकडं कथा पाठवली होती. नाव घेत नाही, कारण प्रश्न एकट्या संपादकाचा नाही. कथा लाल शाईनं माखून परत आली. कथेतली आई 'आरं लेका, पानी दे' म्हणते, त्याला हात लावलेला नव्हता. ते अवतरणचिन्हात होतं ना! पण मी, म्हणजे सांगणारा, जिथं जिथं 'पानी' म्हणालो तिथं तिथं 'पाणी' झालं होतं. समासात शेरा : बोली संवादात चालेल, निवेदनात नको.

तेव्हापासून हे चिन्ह दिसलं की मला गावकूस दिसतं. अलीकडं लेखक, न्हाऊन-धुऊन बसलेला. पलीकडं आमची माणसं. बोला म्हणे, पण आखून दिलेल्या जागेत बोला. आणि कुणी समीक्षक 'दलित साहित्य' हे दोन शब्द अवतरणात टाकतो, तेव्हा तो काय सांगतो? हा शब्द माझा नाही, मी नुसता चिमट्यानं उचललाय. विटाळाची ही छापील रीत आहे, दुसरं काय?

विरामचिन्ह म्हणजे श्वास घ्यायची जागा, असं शाळेत शिकवलं. ते अर्धंच खरं. कोण बोलतंय, कुणाचा शब्द कुणाच्या ताब्यात, कोण कुणाला जोडलेलं आणि कोण तोडलेलं, हे सगळं ही चिन्हं ठरवतात.

मग टाकून द्यायची का? आपल्यातले काही तरुण तसं म्हणतात. ही पेठेची शुद्धी आहे, आपल्याला नको. दोस्तांनो, इथं इतिहास बघा. मोडीत विरामचिन्हं नव्हती, शब्दही एकमेकाला चिकटून लिहायचे. देवनागरी पोथीत दंड होता, एक किंवा दोन. स्वल्पविराम, अर्धविराम, प्रश्नचिन्ह हा पसारा मराठीत रुजवला तो मेजर थॉमस कँडी या इंग्रजानं. विरामचिन्हांवरचं त्याचं पुस्तक 1850 चं. म्हणजे पूर्णविराम साहेबाचा आहे, पेठेच्या वाडवडिलांचा नाही. तिथं तो जसा उसना आला तसाच आपल्याकडंही आला. मालकी कुणाचीच नाही, वापरील त्याचा.

आणि आपण तो कधीपासून वापरतोय? 1855 साली मुक्ता साळवे या मांगाच्या पोरीनं, जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकून, 'ज्ञानोदया'त निबंध लिहिला. वय चौदाच्या आसपास. आमचा धर्म कोणता, हे तिनं थेट देवालाच विचारलं. कँडीच्या पुस्तकाला तेव्हा जेमतेम पाच वर्षं झाली होती. प्रश्न विचारायला आपण कुणाच्या परवानगीची वाट बघितली नाही.

गावकूस पाडायचं कामही आपल्याच लोकांनी केलं. 1972 च्या 'गोलपिठा'त ढसाळांनी कामाठीपुऱ्याचे शब्द अवतरणाचा पदर न घेता उघडे उभे केले. 'बलुतं' (1978) मधे दगडू मारुती पवार बोलतो आणि दया पवार ऐकतो. माणूस एकच, चिन्हाच्या दोन्ही बाजूंना वाटला गेलेला. शिकलेल्या दलिताची फाळणी इतकी नेमकी दाखवणारं पुस्तक मी दुसरं वाचलं नाही. बेबीताई कांबळ्यांच्या 'जिणं आमुचं' (1986) मधे तर वस्तीचं बोलणं निवेदनातच मिसळून येतं. कुंपण कुठं घालावं ते संपादकालाही कळू नये!

आता थोडं आपल्या अंगावर घेऊ. आपल्या अंकाकडं येणाऱ्या दहा कवितांत आठ ठिकाणी उद्गारचिन्हांची रांग असते. तीन तीन, चार चार. स्टेन्सिल कापताना टिंब जोरात मारलं की मेणकागदाला भोक पडतं आणि छापताना तिथं शाईचा डाग येतो. या कवितांचं तसंच होतं. आवाज मोठा, अक्षर गायब. जलशात शाहिराला चिन्ह लागत नव्हतं, ढोलकी आणि श्वास होता. कागदावर ढोलकी नाही. तिथं राग वाक्यातच भरावा लागतो. वाक्य पोकळ असेल तर चार उद्गारचिन्हं मिळून त्याला उभं करू शकत नाहीत.

ज्याला ही साहित्यिकांची चैन वाटते त्यानं नागपूरकडं बघावं. अनुसूचित जमातींच्या यादीत महाराष्ट्रासाठी 'गोंड गोवारी' अशी नोंद आहे. दोन शब्दांमधे स्वल्पविराम नाही. असता, तर गोवारी सरळ यादीत होते. नाही, म्हणून 'गोंड गोवारी' ही वेगळीच जमात धरली जाते आणि गोवारी दाराबाहेर. तो हक्क मागायला 23 नोव्हेंबर 1994 ला हिवाळी अधिवेशनावर मोर्चा आला. चेंगराचेंगरीत 114 माणसं मेली, त्यात बाया-पोरं जास्त. 2018 साली उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं गोवारींच्या बाजूनं निकाल दिला. डिसेंबर 2020 मधे सर्वोच्च न्यायालयानं तो फिरवला. नोंद आहे तशीच वाचायची, कोर्टानं त्यात काही घालायचं नाही. बदल करायचा तर संसदेनं. म्हणजे दोन शब्दांमधली ती मोकळी जागा आजही तशीच आहे.

म्हणून म्हणतो, चिन्हांचा कायदा पाठ करा. अर्ज लिहिताना, ठराव लिहिताना, जी.आर. वाचताना टिंब न् टिंब तपासा. बाबासाहेबांचा वारसा सांगणाऱ्यानं कायद्यातला स्वल्पविराम दुसऱ्याच्या भरवशावर सोडू नये. आणि कथा-कविता लिहिताना आपल्या आईचं बोलणं अवतरणात कोंडून स्वतः बाहेर उभे राहू नका. तिची भाषा तीच तुमची भाषा.

माझी ती कथा मी पुन्हा लिहिली. दुरुस्त्या केल्या, कारण काही खरोखर हव्या होत्या. 'पानी' मात्र तसंच ठेवलंय, चिन्हाच्या आतही आणि बाहेरही.

जय भीम.