परभाषा आणि परतीची वाट : पानिपतचे दोन लेखक

मराठी मनात पानिपत म्हणजे १४ जानेवारी १७६१. त्या आघातातून बखरी निर्माण झाल्या, वाक्प्रचार रूढ झाले. विश्वास पाटील यांच्या १९८८ मधील कादंबरीपर्यंत तो स्मृतिप्रवाह वाहत आला. परंतु परभाषा शिकताना वाचक आणि लेखक कसा घडतो, या प्रश्नाच्या संदर्भात पानिपतशी निगडित असलेले दोन लेखक एकत्र वाचण्याजोगे आहेत.

पहिला काशिराज पंडित. हा दक्षिणी ब्राह्मण अयोध्येच्या शुजाउद्दौल्याच्या पदरी होता. युद्धाच्या वेळी तो अब्दालीच्या पक्षाच्या छावणीत होता आणि भाऊसाहेबांशी चाललेल्या बोलण्यांत मध्यस्थही होता. सुमारे वीस वर्षांनी त्याने ही हकीकत लिहिली, ती फारसीत. भाऊसाहेबांच्या बखरीत करुण व वीर रसांचा आवेग आहे. काशिराजाकडे सैन्याची मोजदाद, तहाची खटपट, उपासमार आणि विश्वासरावांचा अंत्यविधी हे सारे क्रमाने येते. बहुतेक मराठी अभ्यासकांनी ही हकीकत इंग्रजी भाषांतरातून वाचली असल्याने तिच्या शैलीविषयी बेतानेच बोलावे. रचनेतील संयम मात्र भाषांतरातही लपत नाही. त्यात दरबारी चाकरीचा व लोटलेल्या काळाचा वाटा आहेच. तरीही ज्या भाषेत आपण रडायला शिकलो नाही, तिच्यात शोक मांडताना शब्द पारखून घ्यावा लागतो, हेही तितकेच खरे.

दुसरे अल्ताफ हुसेन हाली. त्यांचा जन्म पानिपतचा, १८३७ मधील. १९१४ मध्ये त्यांचे निधनही तेथेच झाले. फारसी-अरबीच्या संस्कारांत वाढलेले, गालिबचे शिष्य असलेले हाली १८७० नंतरच्या दशकात लाहोरच्या सरकारी पुस्तक भांडारात इंग्रजी ग्रंथांच्या उर्दू भाषांतरांची भाषा सुधारण्याचे काम करीत होते. त्यांचे इंग्रजीचे ज्ञान तुटपुंजे होते. मात्र दुसऱ्याचे वाक्य आपल्या भाषेत नीट बसविण्याच्या या कामातून त्यांची वाचकदृष्टी बदलली आणि रूढ फारसी काव्यसंकेतांविषयी त्यांना प्रश्न पडू लागले. १८९३ मधील ‘मुकद्दमा-ए-शेर-ओ-शायरी’ हे त्याचे फळ. मिल्टनने १६४४ साली कवितेच्या संदर्भात वापरलेली तीन विशेषणे हालींकडे सादगी, असलियत आणि जोश अशी आली. यातील मधले विशेषण मुळात इंद्रियसंवेदनेचे. हालींनी त्याची वास्तवता केली. भाषांतर म्हणून हे स्खलन आहे. परंतु अतिशयोक्तीत रुतलेल्या गझलेची चिकित्सा करण्यासाठी त्यांना नेमका हाच निकष हवा होता.

दोघांची तुलना केली असता एक विलक्षण गोष्ट दिसते. काशिराजाचे परभाषेवरील प्रभुत्व मोठे, पण त्याच्या शिस्तबद्ध कथनाचा लाभ तत्कालीन मराठी गद्याला झाला नाही. हालींचे परभाषेचे वाचन अपुरे, तरी ते उर्दू समीक्षेचा पाया ठरले. कारण हाली जे वाचले ते घेऊन स्वभाषेत परतले.

इंग्रजीतून शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्याला यातून घेण्यासारखे पुष्कळ आहे. परभाषा किती आली, हे परीक्षेत मोजता येते. तिने स्वभाषेकडे पाहण्याची कोणती नवी दृष्टी दिली, हे मात्र त्याने पुढे लिहिलेल्या मराठी वाक्यावरूनच ओळखावे लागते.