घोड्याच्या टापेखालचा माणूस

मागच्या वेळी आपण स्टोइकांच्या नीतिविचारापाशी थांबलो होतो. आज त्याच परंपरेतल्या सम्राटाचा, मार्कस ऑरेलियसचा, पुतळा पाहायचा आहे. रोमच्या कॅपिटोलाइन टेकडीवरचा, अश्वारूढ, ब्राँझचा, सव्वाचार मीटरच्या आसपास उंच. एके काळी त्यावर सोन्याचा मुलामा होता, त्याच्या खुणा अजून दिसतात. (चौकात आज उभी आहे ती प्रतिकृती. आम्ही तिच्यापुढे बराच वेळ भक्तिभावानं उभे होतो. मग कळलं की अस्सल पुतळा शेजारच्या संग्रहालयात आहे!)

रोममध्ये सम्राटांचे असे पुतळे बरेच होते. धातूसाठी ते वितळवले गेले. हा राहिला, कारण मध्ययुगात लोक त्याला कॉन्स्टंटाइन समजत होते, म्हणजे ख्रिस्ती झालेला पहिला सम्राट. चुकीच्या ओळखीनं जीव वाचला म्हणा ना! १५३८ साली पोप तिसरा पॉल याने तो लॅटरनहून टेकडीवर आणवला. चौथरा आणि चौक मायकेलअँजेलोचा. तेव्हा ‘रोमन कला अशी होती’ असं म्हणताना आपण जरा जपून बोलावं. आपल्या हाती आलंय ते कुणी पारखून ठेवलेलं नाही, भट्टीतून सुटलेलं आहे.

आता पुतळ्याचा अर्थ. अंगावर चिलखत नाही, हातात शस्त्र नाही, उजवा हात पुढे केलेला. हा क्षमेचा हात, हा तत्त्वचिंतक राजा, असं आम्ही वर्गात वर्षानुवर्षं सांगत आलो. पण मध्ययुगीन वर्णनांत घोड्याच्या उचललेल्या पायाखाली हात बांधलेला एक छोटा माणूस असल्याचा उल्लेख येतो. आज तो तिथे नाही. तो होता असं धरा आणि पुन्हा त्या हाताकडे बघा. क्षमा असेलही, पण ती टापेखालच्या माणसाला! म्हणजे ज्या सौम्यतेचं आपण कौतुक करतो, त्यातला काही भाग शिल्पकाराचा नसून मोडतोडीचा असू शकतो. समीक्षेनं हे सोडून देता कामा नये.

हे जड जात असेल, तर रोममध्येच याच सम्राटाच्या मोहिमांचा स्तंभ आहे. त्यावरची शिल्पपट्टी फिरत फिरत वर जाते: पेटवलेली घरं, ओढून नेलेल्या बायका, शिरच्छेद. त्या मोहिमांवर असतानाच तो स्वतःपुरती ग्रीकमध्ये टिपणं लिहीत होता, आणि त्यांत सगळी माणसं एकमेकांची आप्त आहेत असं स्वतःला बजावत होता. त्याला आम्ही ढोंगी म्हणणार नाही. पण ही टिपणं शिकवताना स्तंभाचं चित्र कधी दाखवलं नाही, ही चूक आमची.

आणि त्या स्तंभाच्या माथ्यावर आज मार्कस नाही. १५८९ साली तिथे संत पॉलचा पुतळा बसवला, तोच अजून उभा आहे.