दोशी या आडनावाचे काय करायचे?

मागच्या व्याख्यानानंतर एका तरुण मुलीने मला जिन्यात गाठले. "सर, प्रित्झ्करवाले दोशी आणि बुकरच्या यादीतल्या दोशी एकाच घरातले का?" मी म्हटले, आडनावावरून घर शोधणे हे लग्न जुळवणाऱ्यांचे काम, समीक्षकाचे नव्हे. ती हसली. पण घरी आलो तर ही पुस्तके मी स्वतःच एकाशेजारी एक लावून ठेवलेली!

जॉन स्टुअर्ट मिलचे डार्टमथचे उदाहरण तुम्हाला आठवत असेल. डार्ट नदीच्या मुखाशी वसले म्हणून गाव डार्टमथ. पण उद्या नदी सरकली तरी नाव तेच राहणार. विशेषनाम बोट दाखवते, वर्णन करत नाही. आता दोशी म्हणजे गुजरातीत कापडाचा व्यापारी. (आपल्या मराठी कानाला आधी 'दोषी' ऐकू येते, ते सोडा.) बाळकृष्ण दोशी १९२७ साली जन्मले आपल्या पुण्यात, आणि घरचा व्यवसाय होता फर्निचरचा. म्हणजे नदी केव्हाच सरकली होती.

अवनी दोशींची कादंबरीही पुण्यातच घडते. भारतात २०१९ मध्ये ती 'गर्ल इन व्हाइट कॉटन' म्हणून आली, मग इंग्लंडात 'बर्न्ट शुगर' झाली आणि २०२०च्या बुकरच्या लघुयादीत पोचली. तारा संसार सोडून लहान मुलीला घेऊन आश्रमात जाते. पुढे तिचीच स्मृती जाऊ लागते आणि सांभाळायची पाळी त्या मुलीवर येते. मुलीचे नाव अंतरा. इंग्रजीच्या अंगाने कादंबरी ते 'तारा नसलेली' असे वाचते. पण आपल्याला अंतरा म्हणजे गाण्याचा मुखड्यानंतरचा भाग, आणि अंतरा कितीही दूर गेला तरी मुखड्यावर परत येतोच. या मुलीचेही तेच होते! लेखिकेच्या मनात हे होते की नाही, त्याने मला फरक पडत नाही.

तिशानी दोशींच्या 'स्मॉल डेज अँड नाइट्स'मध्ये ग्रेस आईच्या अंत्यसंस्कारासाठी अमेरिकेहून येते. तिला समुद्रकाठचे घर मिळते, आणि जिच्याबद्दल कोणी कधी सांगितले नव्हते अशी, डाउन सिंड्रोम असलेली बहीणही. घर, वाळू, कुत्री सुंदर उतरली आहेत. बहीण मात्र बरेचदा ग्रेसच्या अपराधभावापुरतीच उरते, असे माझे मत.

म्हणजे बघा, मुखपृष्ठावर बापाकडून आलेले आडनाव आणि आत सगळा हिशेब आईचा.

आणि वास्तुकार? इंदूरच्या 'अरण्य' वसाहतीत बाळकृष्ण दोशींनी सर्वांत गरीब कुटुंबांना पुरे घर दिलेच नाही. जोते दिले, नळ-संडासाची सोय दिली. पुढच्या खोल्या ज्याने त्याने जमेल तशा चढवायच्या. १९९५ साली तिला आगा खान पुरस्कार मिळाला. मला ती योजना फार आवडते. पण तिच्यात एक गृहीत आहे: सोय मिळाली की कुटुंब घर वाढवतेच. अवनींची तारा ते गृहीतच मोडते. जोते आहे, छप्पर आहे, पुण्यात माहेर आहे, आणि तरी ही बाई पोरीला घेऊन बाहेर पडते. नकाशात ताराची खोली कुठे काढणार? बाळकृष्णांचीही आई ते तान्हे असतानाच गेली. पण यावरून 'अरण्य'चा उलगडा करायला मी धजणार नाही. तसा मोह होतो, हे कबूल.

माझी आई शेवटच्या वर्षी मला मामाच्या नावाने हाक मारायची. मी 'ओ' द्यायचो. मिलचे बोट तेव्हा कोणाकडे होते? माझ्याकडे, की लग्नात पुसल्या गेलेल्या तिच्या माहेरच्या आडनावाकडे? मी एकदाच तिची चूक दुरुस्त केली, तर ती दिवसभर गप्प बसली. पुन्हा केली नाही.

जिन्यातली ती मुलगी आज आली आहे का? आली असेल तर तिने आधी अवनींची कादंबरी वाचावी आणि मग 'अरण्य'चा नकाशा बघावा. उलट क्रमाने नको.