बुडणारा नेहमी आभारच मानतो

'द गार्डियन' (2006) मी तीनदा पाहिलाय, तिन्ही वेळा मोबाइलवर, भरतीची तयारी करताना. केविन कॉस्टनरचा बेन रँडल हा अमेरिकन कोस्ट गार्डचा मुरलेला रेस्क्यू स्विमर. सोबतचे सगळे गमावल्यावर त्याला नवी पोरं घडवायला पाठवतात. एका प्रसंगात तो पोहण्याच्या तलावात बर्फ ओतायला लावतो, पोरांना उतरवतो आणि मग स्वतःही उतरतो. गारठ्याने शरीर कसं हरतं हे फळ्यावर शिकवता येत नाही, हे यात भाषणाशिवाय कळतं. सिनेमातलं सगळ्यात खरं तेच.

आपल्याकडे? पोलीस भरतीत मुलांना 1600 मीटर, 100 मीटर आणि गोळाफेक. कोस्ट गार्डच्या नाविक भरतीत 1.6 किलोमीटर 7 मिनिटांत, 20 उठाबशा, 10 पुशअप्स. पोहणं कुठेच नाही. हर्णै बंदरात वाढलेल्या पोराला जे आधीपासून येतं, त्याला मार्क शून्य. (गोळा मात्र माझा अजूनही जवळच पडतो.)

पण सिनेमाने मला फसवलंही. त्यात समुद्रात भेटणारा जवळपास प्रत्येक माणूस बुडत असतो, म्हणून तो आभारच मानतो. शेवटी तर रँडलची दंतकथाच होते, आणि तिथे दिग्दर्शकाने सरळ सोपा रस्ता धरलाय. सागरी पोलिसाला भेटणारा माणूस बुडत नसतो, वैतागलेला असतो. रात्रभर जाळं ओढून आलेल्या तांडेलाला थांबवून बोटीचे कागद मागायचे, खलाशी मोजायचे, ओळखपत्रं बघायची. किनाऱ्यापासून 12 सागरी मैलांपर्यंत राज्याच्या पोलिसांचं काम मुख्यतः हे.

राम गोपाल वर्माच्या 'द अटॅक्स ऑफ 26/11' (2013) मध्ये 'कुबेर' येते, तिचा तांडेल मारला जातो. पण अतिरेकी किनाऱ्याला लागले की दिग्दर्शकाच्या लेखी समुद्र संपतो. मला तिथेच थांबायचं होतं. मासेमारीच्या शेकडो बोटींतून चुकीची एक बोट ओळखायची कशी, हा खरा थरार होता. तो वर्माला दिसलाच नाही.

तिसऱ्यांदा 'गार्डियन' बघत होतो तेव्हा बाबा शेजारी जाळं शिवत होते. तेही तांडेल. मान वर न करता म्हणाले, "म्हणजे उद्या माझी बोट अडवशील?"

"कागद नसले तर."

ते काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने उठून त्यांनी लायसन्सची प्लास्टिकची पिशवी काढली आणि तारीख बघायला माझ्याकडे दिली.