ऐरण, घण आणि पाया

श्रमाचे गाणे लिहिणाऱ्याने श्रमाचे हत्यार नीट पाहिले आहे काय, हा प्रश्न आपल्या समीक्षेने फारसा विचारलेला नाही. मीही विचारला नव्हता. एका विद्यार्थिनीने तो विचारायला लावला.

भालजी पेंढारकरांच्या 'साधी माणसं' (१९६५) या चित्रपटातील 'ऐरणीच्या देवा' या गीतावर मी वर्गात बोलत होतो. शब्द जगदीश खेबुडकरांचे. 'आनंदघन' या नावाने संगीत लता मंगेशकरांचे, आवाजही त्यांचाच. लोहाराचे घर चित्रपटाच्या मध्यभागी आणणे ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती, असे मी सांगितले. तास संपल्यावर घिसाडी समाजातली एक मुलगी थांबली. म्हणाली, "सर, आमच्याकडं घण आई मारती. गाण्यात तिच्या हातात घण कुठं हाय?"

तिचे म्हणणे खरे होते. घिसाड्याच्या पालापुढे पुरुष सांडशीत तापले लोखंड धरतो, लहान हातोड्याने घाव कुठे हवा ते दाखवतो. आणि घण बहुधा बाई उचलते. पोर भाता ओढते, आता हातपंखा फिरवते. गीतातल्या स्त्रीच्या वाट्याला मात्र भाता आणि प्रार्थना येते. ती गरिबी अंगावर लेण्यासारखी घालते, धनी वाघासारखा असावा म्हणते, घावावर घाव सोसण्याचे बळ मागते. झुंजण्याचेही मागते, हे मान्य केलेच पाहिजे. पण बळ मागायचे ते देवाकडे. घण का उचलावा लागतो, हा प्रश्न नाही. कष्टाचे सौंदर्य झाले की कष्ट संपवण्याची गरजच उरत नाही. माझा आक्षेप गीताच्या गोडव्यावर नाही, त्या गोडव्याने झाकलेल्या खांद्यावर आहे.

याच रसिकतेची दुसरी बाजू म्हणजे यंत्राविषयीची हळहळ. पॉवर हॅमर आला, ऐरणीचा नाद गेला, असे उसासे मी वाचले आहेत. उसासे टाकणाऱ्यांपैकी कुणी दिवसभर घण मारला असेल असे वाटत नाही. पट्टीवर वा हवेच्या दाबावर चालणारा हा हातोडा मिनिटाला २०० च्या आसपास घाव घालू शकतो. पायाने दांडी दाबायची, दोन्ही हात सांडशीला मोकळे. घण मारणारे माणूस लागतच नाही. कोयत्याला शेवटचा आकार देणे, लोखंडाचा रंग पाहून पाणी देणे, हे काम डोळ्याचे आणि हाताचेच राहते. म्हणजे यंत्र कारागिरी हिरावून घेत नाही, हमाली घेते.

बाबासाहेबांनी १९४५ च्या 'काँग्रेस आणि गांधींनी अस्पृश्यांसाठी काय केले' या ग्रंथात हेच बजावले होते. माणसाला पशूच्या जिण्यातून सोडवून फुरसत आणि संस्कृती द्यायची तर यंत्र हवेच. दोष यंत्राचा नाही, त्याच्या मालकीचा आणि समाजरचनेचा आहे.

तेव्हा मालकीकडे वळू. गावच्या लोहाराला निदान बलुते होते, नेट होता, गावात जागा होती. घिसाड्याला गाडा होता आणि पुढचे गाव होते. ऐरण गाड्यात टाकता येते. पॉवर हॅमर टाकता येत नाही. त्याला जमिनीत खोल पाया घालावा लागतो, नाही तर घावाने यंत्रच हादरते. मोटरीला वीज लागते, विजेला मीटर, मीटरला पत्ता, कर्जाला तारण. ज्याच्या नावावर पालाएवढीही जमीन नाही, त्याने पाया कुठे घालायचा? मग तो दुसऱ्याच्या पॉवर हॅमरवर रोजंदारीने उभा राहतो. खांदा सुटतो, कान जातात, आणि विळ्यावर शिक्का मालकाचा बसतो.

म्हणून ऐरणीचे स्तोत्र आणि यंत्राचे स्तोत्र, दोन्ही मला अपुरी वाटतात. एक घण मारणारीला दिसेनासे करते, दुसरे पाया नसलेल्याला. भटक्यांच्या लेखणीने लक्ष्मण मानेंच्या 'उपरा'पासून (१९८०) पालातले जगणे मराठीत आणले. त्या पालापुढच्या ऐरणीचे, घण उचलणाऱ्या बाईच्या बाजूने लिहिलेले पुस्तक मला वाचायचे आहे.

त्या मुलीला मी म्हटले, तूच लिही. ती म्हणाली, "लिहीन सर. पण आधी आईचा घण सुटू दे."

या वाक्याला माझ्याजवळ समीक्षा नाही.