पशुशरीराच्या परिभाषेतील प्रकृती आणि विकृती

शरीररचनाशास्त्र हे बह्वंशी नामकरणाचे शास्त्र आहे. अवयव पाहणे आणि त्याला नाव देणे या दोन क्रिया त्यात इतक्या निकट असतात की, नाव चुकले असता पाहणेही चुकते. म्हणून पशुवैद्यकाच्या भाषेची चिकित्सा भाषाशास्त्राच्या अध्यापकाने करावी, यात अधिकाराचे अतिक्रमण आहे असे आम्हांस वाटत नाही. प्रस्तुत लेखात म्हैस व उंट या दोन प्राण्यांच्या शरीरवर्णनाचा विचार केला आहे. या दोहोंचे वर्णन प्रायः दुसऱ्याच एखाद्या प्राण्याच्या आधाराने होत आले, आणि मराठी परिभाषा सिद्ध करताना तोच दोष आपण नकळत स्वीकारीत आहोत, असे आमचे म्हणणे आहे.

मीमांसकांनी यागांचे प्रकृती व विकृती असे दोन वर्ग केले. प्रकृतियागाची सर्व अंगे साद्यंत सांगितलेली असतात; विकृतियागात केवळ भेद सांगावयाचा आणि उरलेले प्रकृतीवरून आणावयाचे. या आणण्याला अतिदेश म्हणतात, आणि आणलेले अंग जेथे लागू पडत नाही तेथे त्याचा बाध होतो. पाळीव पशूंच्या शरीररचनेचे पाठ्यग्रंथ नेमके याच पद्धतीने रचलेले आहेत. सेप्टिमस सिसन यांचा ग्रंथ १९१० साली प्रथम निघाला. पुढे ग्रॉसमन व गेटी यांनी त्याचे संस्करण केले, आणि भारतातील विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्या त्याच्यावर पोसल्या गेल्या. त्यात घोडा ही प्रकृती आहे. बैल, डुक्कर, कुत्रा या विकृती. याचे कारण शास्त्रीय नसून ऐतिहासिक आहे. युरोपातील पहिले पशुवैद्यक विद्यालय १७६१ मध्ये लियों येथे स्थापन झाले ते बुर्जेला या अश्वविद्येच्या शिक्षकाकडून, आणि त्या काळी लष्कराला घोड्याइतके मोलाचे दुसरे जनावर नव्हते. भारतात व्यवहाराची गरज पालटली, तेव्हा घोड्याच्या आसनावर बैल बसला आणि म्हैस ही बैलाची विकृती ठरली. आसन मात्र तसेच राहिले.

हा केवळ मांडणीचा प्रश्न असता तर त्याविषयी लिहिण्याचे प्रयोजन नव्हते. परंतु अतिदेशाने आणलेले विधान तपासले जात नाही, हा त्याचा स्वभावच आहे. म्हशीच्या कासेचे उदाहरण घ्यावे. बाह्यतः ती गाईच्या कासेसारखीच चार सडांची असते. पण दोन धारांच्या मधल्या काळात गाईच्या दुधाचा सुमारे पाचवा भाग कासेच्या खालच्या पोकळीत उतरून राहतो. म्हशीचे असे उतरलेले दूध शेकडा पाचच्या आसपास असते, आणि बाकी सर्व वर ग्रंथींच्या सूक्ष्म कोशांत अडकून असते. शिवाय तिच्या सडाच्या टोकाचा स्नायू अधिक बळकट आणि नळी अधिक लांब असते. सारांश, म्हैस पान्हावल्यावाचून दूध देऊ शकत नाही. गाईच्या मापाने बसविलेले दोहनयंत्र म्हशीला का मानवत नाही, याचे उत्तर या रचनेत आहे. ‘म्हैस पान्हा चोरते’ असे आपल्याकडे सर्रास म्हटले जाते. या वाक्यात दोष म्हशीच्या स्वभावाला दिलेला असला, तरी ‘पान्हा’ ही स्वतंत्र क्रिया आहे, ती साठ्यातून द्रव काढून घेणे नव्हे, हे त्यात अचूक ओळखलेले आहे.

‘मुका माज’ हा शब्द याच्या उलट आहे. म्हशीचा माज गाईच्या मानाने अप्रकट असतो. हंबरणे थोडे, सोटही थोडा. म्हणून तो मुका. येथे मराठीनेच गाय ही प्रकृती मानली आहे. म्हशीचे बीजांडकोश गाईहून लहान असतात. गाईवर हात बसलेल्या वैद्याला ते निष्क्रिय भासणे अशक्य नाही. या दोन प्राण्यांचे अंतर किती मूलभूत आहे हे गुणसूत्रांवरून दिसते: आपल्याकडील म्हशीची ५०, गाईची ६०.

उंटाच्या बाबतीत तर बाधांची मालिकाच लागते. उंटाला शिंगे नाहीत, पित्ताशय नाही, खूर नाही, तिसरे पोट नाही. यांपैकी पित्ताशयाविषयीचे विधान यथार्थ आहे. तिसऱ्या पोटाविषयीचे विधान मात्र वर्णन नसून तुलना आहे. बैलाचे जठर चार कप्प्यांचे, उंटाचे तीन. तेव्हा एक उणा, मग तो कोणता, या वादात अभ्यासकांनी बराच काळ घालविला. वस्तुतः उंट रवंथ करीत असला तरी प्राणिशास्त्र त्याला खऱ्या रवंथ करणाऱ्यांच्या गणात धरीत नाही. त्याचे जठर निराळ्या वाटेने घडले आहे. अलीकडील अभ्यासक ‘पहिला कप्पा, दुसरा कप्पा, तिसरा कप्पा’ एवढेच म्हणतात. ही नीरस संख्यावाचक नावे आम्हांस फार मोलाची वाटतात, कारण त्यांत बैल लपलेला नाही.

त्याच पहिल्या कप्प्याच्या भिंतीत लहान लहान पिशव्या असतात. जुन्या ग्रंथांनी त्यांना पाण्याचे कोठे म्हटले, आणि नावाने ग्रह निर्माण केला. उंट पोटात पाणी साठवितो ही समजूत आपल्याकडे आजही शाळकरी मुलांच्या तोंडी असते. क्नूट श्मिट-नील्सन यांनी १९५० नंतरच्या दशकात सहारात केलेल्या संशोधनाने ती निराधार ठरविली. त्या पिशव्यांचे अस्तर ग्रंथियुक्त आहे आणि तेथील द्रव स्वच्छ पाणी नव्हे. उंट तगतो तो पाणी साठवून नव्हे, तर पाण्याचा व्यय आवरून व शरीराचे तपमान चढू देऊन.

आता मराठीकडे वळू. बिकानेर येथे उंटांसाठी १९८४ मध्ये आणि हिस्सार येथे म्हशींसाठी १९८५ मध्ये स्वतंत्र राष्ट्रीय संस्था स्थापन झाल्या. आपल्याकडे उदगीरला पशुवैद्यक महाविद्यालय आहे. त्याच्या जवळचे देवणी हे गाव एका गोवंशाला आपले नाव देऊन बसले आहे, आणि भोवतीच्या मुलखात मराठवाडी म्हैस नांदते. संशोधन चालते ते इंग्रजीत. मराठीत उतरवावयाचे म्हटले की कोशाचा आश्रय घ्यावा लागतो, आणि कोशात तिसरीच प्रकृती वाट पाहत असते: माणूस. मानवी शरीरासाठी घडविलेले संस्कृत शब्द जनावराला जसेच्या तसे लावले जातात. माणसात हृदयाकडे वरून येणारी मोठी शीर ‘ऊर्ध्व’ म्हणणे योग्य. चार पायांवर उभ्या असलेल्या म्हशीत ती वर नसते, पुढे असते. आंतरराष्ट्रीय पशुशरीर-नामावलीने १९६८ पासून अशा स्थळी ‘डोक्याकडील’ व ‘शेपटीकडील’ असा भेद पत्करला आहे. ‘ऊर्ध्व’ पाठ करणारा विद्यार्थी भलत्याच दिशेला सुरी चालवील.

मराठी स्वभावतः हा घोटाळा करीत नाही. बाई गरोदर, म्हैस गाभण. बाई बाळंत होते, म्हैस विते. स्तन माणसाचे, कास जनावराची. परिभाषाकार हा विवेक ग्राम्य समजून टाकून देतात. जेथे त्यांनी तो राखला तेथे शब्द रुजले: ‘कासदाह’, ‘लाळ्या-खुरकूत’, ‘कोठीपोट’ हे शब्द वैद्य व गुराखी दोघांनाही चालतात. देवणीच्या परिसरात जनावराचे बाह्यांग पाहण्याची दृष्टी तर विलक्षण सूक्ष्म आहे. एकाच वंशात वानेरा, बाळंक्या, शेवरा असे तीन प्रकार केवळ काळ्या-पांढऱ्या रंगाच्या मांडणीवरून ओळखले जातात. वशिंड, पोळी, सड यांचा निवाडा बाजारात क्षणात होतो.

तथापि गुराख्याचा शब्द तो बरोबरच, असा भाबडा पक्ष आम्ही घेत नाही. बैल वा उंट बसताना पुढचे ‘गुडघे’ टेकतो असे आपण म्हणतो. तो सांधा रचनेने मनगट आहे, गुडघा मागच्या पायात वर पोटाशी असतो. येथे बोलीनेही माणूसच प्रमाण मानला. दुसरी उणीव अशी की, गुराख्याची भाषा कातडीपाशी थांबते. शरीराच्या आतले शब्द खाटकाच्या व कातडे सोलणाऱ्याच्या व्यवसायात आहेत: वजडी, फोपसे, तिल्ली. ज्यांचे हात प्रत्यक्ष शरीर उकलीत आले त्यांच्याकडे कोणी परिभाषा मागावयास गेले नाही. सोवळेपणाखेरीज याचे दुसरे कारण दिसत नाही. उंटावरून शेळ्या हाकणे ही म्हण परिभाषा-समित्यांना सहज लागू पडेल.

पदव्युत्तर प्रबंधांपुरती एक गोष्ट तूर्त शक्य आहे. म्हशीवरील प्रबंधात पहिले वर्णन म्हशीचे असावे. गाईशी तुलना त्यानंतर, स्वतंत्र प्रकरणात. ‘नाही’, ‘कमी’, ‘अप्रकट’ ही पदे आली की कोणाच्या मानाने ते त्याच वाक्यात लिहावे. आणि मराठी प्रतिशब्द ठरविण्यापूर्वी तो देवणीच्या बाजारात व खाटकाच्या ओट्यावर उच्चारून पाहावा.