मुलगी मोठी होते तेव्हा कॅमेरा कुठे असतो?

‘टिंग्या’, ‘विहीर’, ‘शाळा’, ‘फँड्री’, ‘किल्ला’, ‘नाळ’. गेल्या पंधरावीस वर्षांत मराठी चित्रपटाची मान ज्यांच्यामुळे उंचावली त्यांतली ही काही नावं. प्रत्येकात एक मूल शहाणं होतं आणि प्रत्येकात ते मूल मुलगा असतं. लाडका बैल आता घरात राहणार नाही हे टिंग्याला कळतं. बरोबरीने वाढलेला भाऊ परत येणार नाही हे ‘विहीर’मधल्या समीरला कळतं. जिला आई म्हणतो तिने आपल्याला जन्म दिलेला नाही हे ‘नाळ’मधल्या चैत्याला कळतं. या कळण्याला दिग्दर्शकांनी भरपूर वेळ दिला आहे. पोरगा एकटाच कुठेतरी बसून राहतो, पाण्याकडे बघतो, घरी उशिरा येतो, आणि तेवढ्यात त्याच्या आत काहीतरी हललेलं आपल्याला दिसतं. मराठी सिनेमाने मिळवलेली ही फार मोठी गोष्ट आहे आणि मी ती जराही कमी लेखत नाही.

मुलीच्या वाट्याला हा वेळ क्वचितच आला. आपल्या पडद्यावर मुलीचं बालपण संपतं ते तिला काही कळल्यामुळे संपत नाही. तिचं काहीतरी केलं जातं म्हणून संपतं. तिला उजवलं जातं, विकलं जातं, देवीला सोडलं जातं, मारलं जातं. तिच्यावर एक घटना कोसळते आणि मग चित्रपट त्या घटनेचा होतो. तिच्या नजरेतून जग कसं बदललं हे दाखवायचं बहुतेकदा राहूनच जातं. अशा चित्रपटांतला कळवळा खरा असतो, म्हणूनच ही उणीव सहज लक्षात येत नाही.

आणि सुरुवात तर केवढी दमदार होती! १९३७ चा प्रभातचा ‘कुंकू’ घ्या. ना. ह. आपट्यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरचा व्ही. शांतारामांचा हा चित्रपट. पोरक्या नीराचं तिचा मामा फसवून एका म्हाताऱ्या बिजवराशी, काकासाहेबांशी, लग्न लावून देतो. इथून पुढे रडकथा सहज रचता आली असती. शांता आपट्यांची नीरा मात्र फसवणूक लक्षात आल्या क्षणापासून ठाम नकार देते. हे लग्न मला मान्य नाही, एवढं एकच वाक्य ती संपूर्ण चित्रपटभर वेगवेगळ्या तऱ्हेने जगते. अंगचटीला येऊ पाहणाऱ्या सावत्र मुलाला ती काठीने बडवून काढते. तिचा भाबडेपणा जातो, पण त्या जागी खचलेपण येत नाही, तिथे न्यायबुद्धी येते. पार्श्वसंगीत जवळजवळ टाळून शांतारामांनी घरातल्या आवाजांवर भिस्त ठेवली. भिंतीवरच्या जुन्या घड्याळाचे ठोके नीराच्या घुसमटीचं मोजमाप होतात. केशवराव दात्यांचे काकासाहेब हळूहळू स्वतःकडे बघायला शिकतात आणि अखेर तिला मोकळं करण्यासाठी जीव देतात. हा शेवट मला आजही थोडा सोयीचा वाटतो. मुलीची सुटका शेवटी म्हाताऱ्याच्या मोठेपणावर येऊन थांबते. पण तोवर नीराने जे कमावलेलं असतं ते तो शेवटही हिरावून घेऊ शकत नाही.

याच चित्रपटात काकासाहेबांच्या मुलीची, चित्राची, भूमिका शकुंतलाबाई परांजप्यांनी केली आहे. र. धों. कर्व्यांबरोबर संततिनियमनाचं काम करणाऱ्या शकुंतलाबाई. पडद्यावरची समाजसेविका आणि पडद्याबाहेरची कार्यकर्ती यांच्यात अंतर नव्हतं. शांता आपट्यांनी तर १९४० मध्ये ‘जाऊ मी सिनेमात?’ नावाचं पुस्तकच लिहिलं. या धंद्यात येऊ पाहणाऱ्या मुलींनी आपल्या आयुष्याचा काय विचार करावा, हे एका नटीने त्या काळी जाहीरपणे मांडलं. ‘कुंकू’मधल्या नकाराला जे बळ आहे ते अशा बायकांच्या सहवासातून आलं असणार, असं मला नेहमी वाटतं.

पुढची काही दशकं या बाबतीत उतरती आहेत. तमाशापटात नायिका बोर्डावर येते ती सगळं पाहून झालेलीच. ती कधी अल्लड होती का, हा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. १९७२ च्या ‘पिंजरा’त निरागसता गमावतो तो मास्तर. डॉ. लागूंनी ते पतन थरारक केलं आहे, पण तमाशातली चंद्रकला तिथवर कशी आली हे जाणून घ्यायला त्या चित्रपटाला फारशी सवड नाही. ज्या शांतारामांनी नीरा घडवली त्यांच्याच हातून हे व्हावं, याचं वाईट वाटतं.

तमाशापटाच्या त्या झगमगाटामागचं आयुष्य हंसा वाडकरांनी ‘सांगत्ये ऐका’ या आत्मकथनात मांडलं, आणि त्यावरून श्याम बेनेगलांनी १९७७ मध्ये ‘भूमिका’ केला. चित्रपट हिंदी, पण आयुष्य अस्सल मराठी. त्यातली गोष्ट लहानग्या उषापासून सुरू होते. घराला मदत करणारा केशव दळवी त्या मदतीच्या बदल्यात पोरीकडून लग्नाचा शब्द घेतो. अमोल पालेकरांनी हा माणूस इतका साधा, इतका घरगुती केला आहे की अंगावर काटा येतो. खलनायक म्हणून तो कुठेच ओळखू येत नाही. पुढे तरुण उषा हट्टाने त्याच्याशीच लग्न करते आणि तो हट्ट तिला आपलं स्वातंत्र्य वाटतो. स्मिता पाटीलच्या चेहऱ्यावर ही गुंतागुंत जशी दिसते तशी आपल्या पडद्यावर फार थोड्या वेळा दिसली. लहानपणी लागलेला सौदा मोठेपणी स्वतःची निवड म्हणून मिरवावा लागतो, हे ‘भूमिका’ला कळलेलं आहे. निरागसपण एका रात्रीत जात नाही. ते वर्षानुवर्षं हप्त्याहप्त्याने वसूल होत राहतं.

या परंपरेत मला सर्वांत मोलाचा वाटतो तो सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘दोघी’ (१९९५). गावातली गौरी आणि तिची धाकटी बहीण कृष्णा. गौरीच्या लग्नाच्या दिवशीच वऱ्हाडाला अपघात होतो, नवरा मुलगा जातो, आणि त्या धक्क्याने वडील अंथरुणाला खिळतात. गाव गौरीला अपशकुनी ठरवतं. घरात चूल पेटेना, तेव्हा मामा तिला मुंबईला घेऊन जातो. मुंबईत तिचं काय होतं हे सगळ्यांना कळतं आणि कुणीच बोलत नाही. तिच्याकडून येणाऱ्या पैशांवर घर सावरतं, कृष्णाचं लग्न ठरतं, आणि गौरी लग्नाला येते तेव्हा आईला तिची अडचण होते. उत्तरा बावकरांनी ही आई जी उभी केली आहे ती विसरता येत नाही. लेकीच्या पैशांवर जगणारी आणि लेकीला उंबऱ्याशी थोपवणारी ही बाई दुष्ट नाही, ती फक्त घाबरलेली आहे.

‘दोघी’ची खरी चलाखी, खरं तर शहाणपण, बहिणींच्या जोडीत आहे. भोगते गौरी, आणि बघते कृष्णा. रेणुका दफ्तरदारची गौरी जसजशी गप्प होत जाते तसतशी सोनाली कुलकर्णीची कृष्णा बोलकी होत जाते. दोन मुलींचं बालपण एकाच घटनेने संपतं, पण एकीचं देहावर आणि दुसरीचं मनात. धाकटीला कळतं की आपल्या लग्नाचा शालू कशातून आला. इथे पहिल्यांदा मुलीच्या वाट्याला ते ‘कळणं’ येतं, जे पुढे ‘विहीर’ आणि ‘किल्ला’तल्या मुलांना मिळालं. भावे समाजशास्त्र आणि समाजकार्य यांतून चित्रपटाकडे आल्या होत्या, तरी ‘दोघी’ अहवाल होत नाही याचं कारण ही बहीण आहे.

२००९ च्या ‘जोगवा’बद्दल थोडक्यात सांगतो. केसांत जट निघाली म्हणून देवीला सोडलेली सुली मुक्ता बर्वेने जीव ओतून केली. पण राजीव पाटलांच्या या चित्रपटाचं केंद्र तिच्यासारख्याच देवीला सोडलेल्या तायप्पाकडे सरकतं, आणि उपेंद्र लिमयेचा अभिनय पाहता ते स्वाभाविकही आहे. सुलीला जोगतीण केल्यानंतर तिच्या मनातली पोर कुठे गेली, हा धागा प्रेमकथेत विरून जातो.

शहरी आणि निमशहरी कथांत वेगळी अडचण आहे. ‘शाळा’त मिलिंद बोकिलांच्या कादंबरीप्रमाणेच सगळं जोशीच्या डोळ्यांतून दिसतं. शिरोडकर आपल्याला आवडते ती त्याला आवडते म्हणून. तिला घरी काय सोसावं लागलं असेल, याचा आपण फक्त अंदाज करतो. ‘फँड्री’तली शालू तर जब्याच्या स्वप्नाचंच नाव आहे. त्या चित्रपटाला तेच हवं होतं, कारण जातीची भिंत जब्याला जिथे लागते ती जागा दाखवायची होती. तक्रार एका चित्रपटाबद्दल नाही, एकामागून एक आलेल्या चित्रपटांबद्दल आहे. रवी जाधवांच्या ‘बालक पालक’मध्ये चाळीतल्या ज्योतीताईने ‘शेण खाल्लं’ म्हणून तिचं कुटुंब चाळ सोडून जातं, आणि त्या दोन शब्दांचा अर्थ शोधता शोधता मुलं वयात येतात. चित्रपट धीट आहे, प्रेमळ आहे, आईबापांनी मुलांशी बोलावं हे तो मनापासून सांगतो. तरी ज्योतीताई गेली ती गेलीच. तिच्यामुळे बाकीचे शहाणे झाले. तिचं स्वतःचं काय झालं? जाधवांच्याच ‘मित्रा’ या लघुपटात मुलीवर जीव जडलेली मुलगी येते, पण तेंडुलकरांच्या मूळ कथेसारखीच तीही एका मित्राच्या तोंडून आपल्यापर्यंत पोहोचते. मुलीचं गुपित सांगायला आपल्याला प्रत्येक वेळी एक मुलगा लागतो.

‘सैराट’ने (२०१६) ही वीण उसवली. तिथे आर्ची स्वतः बघते. पोरं पोहत असलेल्या विहिरीवर ती येते आणि त्यांना बाहेर काढते. बुलेट चालवते, ट्रॅक्टर चालवते, आणि आपल्याला परशा आवडतो हे कबूल करायला तिला कुणाच्या परवानगीची गरज वाटत नाही. रिंकू राजगुरू तेव्हा खरोखरच शाळकरी वयाची होती आणि नागराज मंजुळेंनी तिच्यातला तो उर्मटपणा जराही घासूनपुसून घेतला नाही. लोकांनी गाण्यांवर शिट्ट्या मारल्या, शेवटी थिजून गेले, आणि चर्चा या दोन टोकांचीच झाली.

माझ्या मते चित्रपटाचा जीव मधल्या हैदराबादेत आहे. उत्तरार्ध लांबला, कंटाळवाणा झाला, असं तेव्हा कितीतरी जण म्हणत होते. पण पाटलाच्या वाड्यातली लाडावलेली पोर झोपडपट्टीतल्या खोलीत येते, आईच्या आठवणीने रडते, स्वयंपाक येत नाही, कारखान्यात कामाला लागते, पगार आणते, हे सगळं दाखवायला वेळच लागतो. आणि मग परशाला तिचा संशय येतो. तो हात उगारतो. ज्याच्यासाठी घर सोडलं तोही वेळ आली की नवराच असतो, हे तिला त्या दिवशी कळतं. ती घर सोडून निघते, गाडीत बसते, आणि परत फिरते. का परतली, हे मंजुळे सांगत नाहीत आणि ते फार योग्य आहे. परतलेली आर्ची आधीची नाही. शेवटच्या हत्या जातीच्या क्रौर्याबद्दल सांगतात आणि ते सांगणं आवश्यकच होतं. पण आर्चीचं अल्लडपण त्याआधीच, एका थपडेने आणि रेल्वेच्या एका अर्ध्या प्रवासाने, संपलेलं असतं. मराठी पडद्यावर तरुण मुलीचं मोठं होणं इतक्या बारकाईने फार थोड्यांनी दाखवलं आहे, आणि त्याबद्दलच सर्वांत कमी लिहिलं गेलं.

जयंत दिगंबर सोमलकरांचा ‘स्थळ’ याच्या अगदी उलट टोकाचा. चंद्रपूर जिल्ह्यातलं डोंगरगाव, दिग्दर्शकाचं स्वतःचं गाव. कापूस पिकवणारा बाप, आणि समाजशास्त्र शिकणारी, स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी सविता. नट बहुतेक गावातलेच, बोली तिथलीच. इथे कुणी कुणाला मारत नाही, विकत नाही. फक्त मुलगी बघायला माणसं येतात. नाव काय, शिक्षण किती, उंची किती, छंद कोणते. चहा-पोहे होतात, ‘कळवतो’ म्हणून पाहुणे जातात, आणि काही दिवसांनी दुसरे येतात. सोमलकर हा प्रसंग पुन्हा पुन्हा, जवळजवळ जसाच्या तसा घडवतात, आणि प्रत्येक खेपेला सविताच्या आवाजातला विश्वास थोडा कमी होतो. महिला सक्षमीकरणावर वर्गात छान बोलणारे सर तिला आवडतात. त्या ओढीचं पुढे काय होतं, हे प्रत्येकाने स्वतःच पाहावं. नंदिनी चिकटेने सविता इतकी आतल्या आत केली आहे की तिच्या मानेच्या हालचालीवरून तिचा दिवस कसा गेला ते समजतं. २०२३ मध्ये टोरांटोच्या महोत्सवात ‘स्थळ’ला नेटपॅक पुरस्कार मिळाला. महाराष्ट्रात तो मार्च २०२५ मध्ये लागला. ज्या घरांत हे पोहे अजून खाल्ले जातात तिथवर पोहोचायला त्याला इतका वेळ लागावा, ही आपल्या वितरणाची दशा.

बायकांच्या गोष्टींना प्रेक्षक नाही, हे कारण आता कुणी पुढे करू नये. ‘झिम्मा’ आणि २०२३ चा ‘बाईपण भारी देवा’ पाहायला बायका घोळक्याने, नटूनथटून आल्या. त्या चित्रपटांनी संसारात मुरलेल्या बाईला पडदा मिळवून दिला आणि ते उत्तमच झालं. पण मधली वर्षं रिकामीच राहिली आहेत. आपल्या चित्रपटातली बाई दहाव्या वर्षावरून थेट चाळिशीत पोहोचते. पहिली पाळी, मैत्रिणीशी झालेलं पहिलं भांडण, आईशी बोललेलं पहिलं खोटं, शरीराची भीती आणि शरीराचा आनंद, एसटीतल्या गर्दीत लागलेला नकोसा हात आणि तो घरी सांगावा की नाही याचा विचार, यांतलं काहीही पाहायला आपल्याला परभाषेतल्या चित्रपटांकडे जावं लागतं.

साहित्यात मात्र हे कधीच लिहिलं गेलं आहे. विभावरी शिरूरकरांनी १९३३ मध्ये ‘कळ्यांचे निःश्वास’मध्ये लग्नाविना राहिलेल्या, शिकलेल्या मुलींची मनं उघडी केली तेव्हा पुण्यात केवढं वादळ उठलं. मल्लिका अमर शेख यांनी ‘मला उद्ध्वस्त व्हायचंय’मध्ये कोवळ्या वयातल्या प्रेमाची आणि लग्नाची काय किंमत मोजली ते लिहिलं. ऊर्मिला पवारांचं ‘आयदान’ कोकणातल्या दलित मुलीचं बालपण, शाळा, भूक आणि शरम सांगतं, आणि सुषमा देशपांडे यांनी ते रंगमंचावर आणलं. बोकिलांच्या जोशीला पडद्यावर आणणारा सुजय डहाके मिळाला. बांबूची आयदानं विणणाऱ्या आईजवळ बसून सगळं बघणाऱ्या, सगळं लक्षात ठेवणाऱ्या या मुलीसाठी निर्मात्याने दोन तासांचा पडदा आणि थोडा धीर घेऊन यायला हवं, आणि दिग्दर्शनाच्या खुर्चीत या वेळी एखादी बाई असावी.